भेग आर्क मारण्याआधीच ठरते: ॲल्युमिनियम टिग शिकणाऱ्यांसाठी

टिग म्हणजे टंगस्टनच्या टोकातून आर्क (विजेची ज्योत) काढून, आर्गन वायूच्या आडोशाने केलेलं वेल्डिंग. त्यात ॲल्युमिनियमच्या जोडाला भेग पडते ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी. एक, बीडच्या, म्हणजे वितळून गोठलेल्या वेल्डच्या रेघेच्या, बरोबर मधोमध, लांबलचक, केसाएवढी बारीक. दुसरी, बीड जिथे संपतं तिथल्या खोलगट खड्ड्यात, चांदणीसारखी तीन-चार टोकं फुटलेली. वागळे इस्टेट असो की रबाळे-महापे, आर्गनच्या गाळ्यात नवीन पोरगं लागलं की या दोन्ही भेगा त्याच्या हातून निघतातच. मग सुरू होतं: अँपिअर वाढव, गॅस वाढव, टंगस्टन बदल. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

गॅस कमी पडला तर काजळी येते, बीड मळकट दिसतं, बारीक छिद्रं पडतात. टंगस्टन खराब असेल तर आर्क भटकते. या गोष्टी वाईटच, पण मधोमध पडणाऱ्या भेगेचं मूळ सहसा तिथे नसतं. ते असतं तीन प्रश्नांत: धातू कुठला, त्यात फिलर (जोडात वितळवून भरायचा रॉड) कुठला आणि किती गेला, आणि बीड संपवलं कसं. लोखंडावर हात बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण साध्या माइल्ड स्टीलमध्ये हात चांगला असला की बरंच काही खपून जातं. इथे खपत नाही.

आधी भेग म्हणजे काय ते बघू

शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच तापमानाला गोठतं. ६०६१ सारखा मिश्रधातू (हे आकडे म्हणजे मिश्रधातूच्या जाती) मात्र ६५० अंशांच्या आसपास गोठायला सुरुवात करतो आणि पूर्ण गोठतो ५८० च्या आसपास. मधल्या ७० अंशांत तो धड पातळ नसतो, धड घट्टही नसतो. कणांचा सांगाडा तयार झालेला असतो आणि कणांच्या मध्ये रसाचा पातळ थर उरलेला असतो. नेमका याच वेळी धातू आकसत असतो. गोठताना ॲल्युमिनियमचं आकारमान सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतं, आणि गोठल्यावर थंड होतानाही ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेल्या, मधलं बीड आत ओढतंय, आणि मध्यावर अजून ओलसर थर. तिथेच फाटतं.

यातली मेख अशी की शेवटपर्यंत भरपूर रस शिल्लक असेल तर तो फटीत झिरपून ती भरून काढतो. रस जवळपास नसेलच, तर कण एकमेकांना पक्के चिकटलेले असतात. वाईट अवस्था मधली: रस इतकाच की कण सुटे राहावेत, पण फट भरायला पुरू नये. ६००० मालिकेचे धातू, म्हणजे ६०६१, ६०६३, ६०८२, स्वतःच्याच रसात वितळवले तर बरोबर या मधल्या अवस्थेत जाऊन बसतात. म्हणून फिलर न घालता नुसत्या आर्कने कडा वितळवून जोड करायचा मोह इथे सोडून द्यायचा. लोखंडाच्या किंवा स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात ते चालतं.

पहिली पायरी: हातात काय आहे ते ओळखा

गिऱ्हाईक "ॲल्युमिनियम आहे" एवढंच सांगतो. ते पुरत नाही.

नवीन माल असेल तर टीसी मागा, म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट. धातूच्या बाजारात जुनी नावं अजून चालतात, ती पाठ असलेली बरी: एचई-३० म्हणजे ६०८२, एचई-२० म्हणजे ६०६१, एचई-९ म्हणजे ६०६३. भारतीय मानकांच्या आकड्यांत तेच अनुक्रमे ६४४३०, ६५०३२ आणि ६३४००. खिडक्यांची सेक्शनं, चौकोनी पाइप, रेलिंग हे बहुधा ६०६३. मशीनिंग करून आलेले ब्लॉक आणि जाड प्लेट बहुधा ६०६१ किंवा ६०८२. वाकवलेल्या पत्र्याच्या टाक्या, ट्रे, पॅनेल यांत ५०५२ सापडतो. बोटी, टँकर अशा कामांत ५०८३.

७०७५ आणि २०२४ यांच्यापासून लांब राहा. पहिल्यात साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त आणि दीड टक्क्याच्या आसपास तांबं असतं, दुसऱ्यात तांबंच चार टक्क्यांच्या वर. बीड दिसायला छान येतं, भेग तिथल्या तिथे पडते किंवा, त्याहून वाईट, माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावर पडते. मोल्डवाल्यांकडून, जिग-फिक्स्चरवाल्यांकडून आलेला कडक, वजनाच्या मानाने फारच मजबूत ब्लॉक असेल तर दहादा विचारा. "चालवून घ्या ना" असं म्हटलं तरी नाही म्हणायचं.

भंगारातला किंवा अनोळखी तुकडा असेल तर एक गावठी चाचणी आहे. कडेला फिलर न घालता दोन-तीन इंच बीड वितळवा आणि गार होऊ द्या. मधोमध उभी रेघ उमटली तर तो बहुधा ६००० मालिकेतला आहे, किंवा त्याहून अवघड काही. रेघ नाही आली तर ११०० सारखं जवळपास शुद्ध किंवा ३००३ असण्याची शक्यता जास्त. प्रयोगशाळेचं उत्तर हे नव्हे, पण फिलर निवडताना दिशा मिळते.

दुसरी पायरी: फिलर, आणि तो किती जातो

इथे वेळ घालवा, कारण अर्ध्याहून जास्त भेगा इथेच मिटतात.

रोजच्या कामाला दोन रॉड लागतात. ४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन असतं, ५३५६ मध्ये सुमारे ५ टक्के मॅग्नेशियम. ६००० मालिकेला दोन्ही चालतात. ४०४३ चा रस पातळ, छान पसरतो आणि भेगेला जास्त दाद देत नाही, म्हणून शिकणाऱ्याने ६०६१ आणि ६०६३ वर त्यानेच सुरुवात करावी. ५३५६ चा जोड जास्त मजबूत आणि चिवट, पण रस थोडा आळसट. जोडाला पुढे ॲनोडायझिंग व्हायचं असेल तर ५३५६ च घ्या. ४०४३ चं बीड ॲनोडायझिंगमधून काळपट राखाडी होऊन बाहेर येतं आणि मग दोष आपल्यावरच येतो.

५०८३ सारख्या जास्त मॅग्नेशियमच्या धातूला ४०४३ लावायचा नाही. सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिळून ठिसूळ संयुग तयार होतं आणि जोड कडकन तुटतो. तिथे ५३५६ किंवा ५१८३. ५०५२ ला ५३५६ उत्तम. उलट बाजूनेही एक मर्यादा आहे: जोड सतत ६५ अंशांच्या वर तापणार असेल, उदाहरणार्थ फार्मा कंपनीची गरम पाण्याची ट्रे, तर ५३५६ टाळा. त्यातलं मॅग्नेशियम उष्णतेत कणांच्या कडांवर जमा होतं आणि ताण व गंज मिळून पुढे भेग काढतात.

आता 'किती' हा प्रश्न. बहुतेक जण योग्य रॉड घेतात आणि तरीही भेग पडते, कारण रॉड पुरेसा आत जातच नाही. साधा हिशेब करू. ६०६१ मध्ये सिलिकॉन ०.६ टक्क्यांच्या आसपास धरा, ४०४३ मध्ये ५. पट्ट्या सरळ कडेने एकमेकींना टेकवल्या आणि रॉड नावापुरता लावला, बीडमध्ये ९० टक्के मूळ धातू, १० टक्के फिलर गेला, तर बीडमधलं सिलिकॉन होतं साधारण १ टक्का. भेगेसाठी सगळ्यात धोक्याचा पट्टा अर्ध्या ते एक टक्क्याच्या आसपासच आहे, म्हणजे आपण त्याच्या काठावरच बसलो. फिलर २० टक्के नेला तर दीड टक्का, म्हणजे थोडी सुटका. निम्मा-निम्मा केला तर २.८ टक्के, आणि मग झोपा खुशाल. मॅग्नेशियमचाही वाटा असतो, पण गाळ्यात उभं राहून निर्णय घ्यायला एवढा हिशेब पुरतो.

निम्मा फिलर नेण्यासाठी रॉड जास्त बुचकळणं हा एक मार्ग. खरा मार्ग म्हणजे जागा करून देणं. ३ मिलिमीटरच्या वर प्लेट असेल तर कडा तासून व्ही करा, दोन्ही बाजूंचा मिळून ६० ते ९० अंशांचा. पातळ पत्र्याला थोडी फट ठेवा. व्ही नसेल तर आर्कपुढे मूळ धातूच येणार आणि तोच वितळणार. "तासायला वेळ जातो" ही तक्रार मी रोज ऐकतो. भेग खोदून पुन्हा भरायला जास्त जातो.

रॉड ओळखण्याबद्दल एक गोष्ट. रॉडच्या टोकाला आकडा ठोकलेला असतो आणि अर्धा वापरला की तो नेमका जळून जातो. उरलेले तुकडे एकाच डब्यात पडतात. त्यामुळे आकडा नसलेल्या टोकाकडून वापरायला सुरुवात करा. ५३५६ हाताला ताठ लागतो, ४०४३ मऊ, सहज वाकतो, पण अंदाजावर अवलंबून राहण्यापेक्षा दोन वेगळे पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना झाकण, आत सिलिका जेलची पुडी. खाडीकाठच्या आपल्या हवेत जून ते सप्टेंबर हे करावंच लागतं.

तिसरी पायरी: सफाई

ही थोडक्यात. आधी ॲसिटोनने तेल-वंगण पुसा, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासा. क्रम उलटा केला तर ब्रश तेलच धातूत चोळतो. वरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर वितळतो, म्हणून तो आर्कने जाईल या भरवशावर सगळं सोडू नका. घासल्यावर त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, जोड करा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर किंवा डीग्रीझर आर्कजवळ कधीही वापरू नका. त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे.

ओलाव्याने प्रामुख्याने छिद्रं पडतात, कारण वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर पितं आणि गोठताना तो बाहेर टाकतं. पण छिद्रांची रांग भेगेला वाट करून देते. पावसाळ्यात टेम्पोतून आलेली प्लेट आधी गाळ्यात राहू द्या. ओल घालवायला हॉट एअर गन घ्या. गॅसच्या ज्योतीत पाण्याची वाफ असते, ती गार धातूवर जमते.

चौथी पायरी: धरणं आणि टॅक

जोड आकसणार, हे गृहीत धरूनच मांडणी करा. दोन्ही बाजूंनी करकचून आवळलेली पट्टी आकसू शकत नाही, मग आत फाटते. एक बाजू घट्ट, दुसरी थोडी सरकू शकेल अशी. चौकट असेल तर मधून बाहेरच्या बाजूला, अडकलेल्या भागाकडून मोकळ्या भागाकडे जोडत जा. चारही कोपरे आधी बंद करून मग मधला जोड कराल तर त्याला आकसायला जागाच उरणार नाही.

टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरायला आधी मारलेला ठिपका, हे छोटं बीडच असतं आणि त्यातही भेग पडते. नुसती ठिणगी देऊन चिकटवलेला टॅक फिलरशिवाय असतो, म्हणजे आधी सांगितलेल्या सगळ्यात वाईट रसायनाचा. फिलर घालूनच टॅक मारा, थोडा लांब मारा, टोकं तासून उतरती करा. टॅकला भेग दिसली तर तो खोदून काढा. वरून बीड नेलं तर भेग आत तशीच राहते आणि वर येते.

पाचवी पायरी: मशीन

करंट एसी, जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर, म्हणजे ३ मिमीला ११० ते १३० च्या आसपास. बॅलन्समध्ये इलेक्ट्रोड निगेटिव्ह (टंगस्टन ऋण बाजूला राहण्याचा वाटा) ६५ ते ७५ टक्के, फ्रिक्वेन्सी ८० ते १२० हर्ट्झ. टंगस्टन २.४ मिमी, लँथनेटेड किंवा सेरिएटेड (लँथनम किंवा सेरियमचा अंश मिसळलेला). कप, म्हणजे टॉर्चच्या तोंडावरची गॅसची नळी, ६ ते ८ नंबर, आर्गन मिनिटाला ८ ते १० लिटर. गाळ्यातला उभा पंखा तुमच्या दिशेने असेल तर फ्लोमीटर कितीही वाढवा, आर्गन उडूनच जाणार. पंखा फिरवा, गॅस नको. पण दार उघडं ठेवा. ॲल्युमिनियमवर आर्कची झगझग जास्त असते आणि ओझोनही जास्त होतो.

भेगेशी संबंध आहे तो उष्णता किती वेळ राहते याचा. अँपिअर पुरेसे ठेवून पटापट पुढे सरकणं चांगलं. कमी अँपिअरवर घुटमळलात तर सगळी प्लेट तापते, कण मोठे होतात, आकसायचं क्षेत्र वाढतं. जाड प्लेटला प्रीहीट (आधी तापवणं) लागलीच तर ६००० मालिकेला १२० अंशांच्या वर नेऊ नका. ६०६१-टी६ (उष्णता-प्रक्रियेने कडक केलेला ६०६१) ची मूळ ताकद ३१० मेगापास्कलच्या आसपास असते, आणि नीट केलेल्या जोडाशेजारीही ती १६५ च्या आसपास उतरते. आणखी तापवून ती अजून कशाला घालवायची?

सहावी पायरी: बीड आणि त्याचा शेवट

बीड किंचित फुगीर असावं. आत दबलेलं, खोलगट बीड दिसायला सुबक वाटतं, विशेषतः कोपऱ्यातल्या फिलेटमध्ये, पण मधला गळा पातळ राहतो आणि आकसण्याचा सगळा ताण त्या पातळ गळ्यावर येतो. लोखंडाच्या कामात सपाट बीडला शाबासकी मिळालेली असते, म्हणून ही सवय मोडायला वेळ लागतो.

आता शेवट. बटन सोडलं की आर्क झटक्यात बंद, रसाचं डबकं कडेकडून मध्याकडे गोठत येतं, मध्यावर शेवटचा थेंब उरतो, आणि त्याला भरायला मागून रस येत नाही. तिथे खड्डा पडतो आणि खड्ड्यात चांदणी. या चांदणीतून पुढे आख्खं बीड उलगडत जातं.

पायाचा पेडल असेल तर सोपं: शेवटच्या सेंटिमीटरला पाय हळूहळू वर घ्या आणि घेता घेता दोन-तीन वेळा जास्तीचा रॉड लावा, खड्डा भरून थोडा उंचवटा होईपर्यंत. आपल्याकडच्या छोट्या गाळ्यांत पेडल क्वचित असतो, टॉर्चवरचं बटनच. तेव्हा मशीन ४टी वर ठेवा. बटन दाबून धरलं की छोटा करंट सुरू, सोडलं की पूर्ण करंट. शेवटाला पुन्हा दाबून धरलं की करंट हळूहळू उतरतो, याला डाउनस्लोप म्हणतात, आणि तो उतरून गेल्यावर सोडलं की बंद. डाउनस्लोप तीन ते पाच सेकंद ठेवा. या सेकंदांत हात स्थिर ठेवून बघत बसू नका. रॉड लावत राहा, आणि जमलं तर टॉर्च सेंटिमीटरभर मागे, आधीच भरलेल्या बीडवर आणून तिथे संपवा. तिथे धातूची जाडी आहे, त्यामुळे शेवट तिथे तरतो.

करंट बंद झाला म्हणून टॉर्च उचलू नका. पोस्टफ्लोचा, म्हणजे आर्क विझल्यावरही वाहणाऱ्या गॅसचा, नियम असा धरा: दर १० अँपिअरला एक सेकंद, म्हणजे १२० ला १२ सेकंद. सरळ लांब जोड असेल तर दोन्ही टोकांना त्याच धातूचे तुकडे चिकटवा, बीडची सुरुवात आणि शेवट त्या तुकड्यांवर करा, नंतर कापून टाका. खड्डा, चांदणी, काय व्हायचं ते भंगारात होईल.

फुटलेला चेंबर

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी गाड्यांचे ऑइल चेंबर फुटतात आणि ते आर्गनवाल्याकडे येतात. बाइकचं क्लच कव्हरही तसंच. हे ओतीव धातू, एलएम६, एलएम२५ अशा जातीचे, त्यांत सिलिकॉन आधीच बरंच असतं. म्हणजे रसायन आपल्या बाजूने आहे. अडचण आहे ती तेलाची आणि जुन्या भेगेची.

संवाद बहुधा असा होतो:

"दादा, वरून जरा रॉड मारून द्या ना, लगेच घेऊन जातो."

"शेठ, तशी मारली तर पुढच्या खड्ड्यात परत उघडेल. आधी खोदावी लागेल."

भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. टोक डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं, म्हणून भोकही थोडं पुढे. मग कार्बाइड बरने भेग तळापर्यंत उघडा. लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क इथे नको, ती लोखंडाचे कण रुतवते. ॲसिटोन, मग मंद उष्णता देऊन आतलं तेल बाहेर काढा, पुसा, पुन्हा उष्णता. धूर यायचा थांबेपर्यंत हेच. पहिलं बीड काळं-फेसाळ आलं तर ते खोदून टाका, ते सफाईचंच बीड समजा. रॉड ४०४३ किंवा ४०४७. छोट्या छोट्या टप्प्यांत भरा आणि काम संपल्यावर चेंबर उघड्या फरशीवर ठेवू नका, कोरड्या कापडात गुंडाळून हळूहळू गार होऊ द्या.

तपासणी

केसाएवढी भेग डोळ्यांना दिसेलच असं नाही. डाय पेनेट्रंटचे तीन डबे एकत्र मिळतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. जोड साफ करा, लाल फवारा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, कापडाने पुसा, पांढरा फवारा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पुसताना क्लीनर थेट जोडावर मारू नका, कापडावर घ्या, नाहीतर भेगेतला रंगही धुऊन जातो. दुरुस्तीआधी तो लाल रंग पूर्ण निघालाच पाहिजे, नाहीतर तो पुढच्या बीडमध्ये छिद्रं पाडतो.

भेग सापडली की ती पूर्ण खोदून, खोदलेल्या जागी पुन्हा लाल रंग लावून, ती संपली याची खात्री करून मगच भरा. त्याच जागी दुसऱ्यांदा आली तर मशीनला हात लावण्याआधी रॉडचा तुकडा कुठल्या डब्यातून आला ते बघा, व्ही किती उघडी आहे ते मोजा, आणि एक क्लॅम्प सैल करून बघा. तिसऱ्यांदा आली तर तो भाग कापून नवीन तुकडा बसवा. इतक्या वेळा तापलेल्या धातूत धरण्यासारखी ताकद फारशी उरत नाही.